शैक्षणिक साधने : खडू, फळा, बैल

"तोंड उघडायला सांगितलंय, गोठ्यातून पळून जायला नाही!"

मी ओरडले तोवर सरोजा बिंगी गोठ्याच्या दाराबाहेर पोचलीसुद्धा होती. आतली गाय जागची हलली नव्हती. तिने फक्त जीभ बाहेर काढून स्वतःची नाकपुडी साफ केली होती, आणि गायी तर ते दिवसभर करतच असतात.

"चावली असती की गं," सरोजा बाहेरून म्हणाली.

"गाईला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. बी.एस्सी. ॲग्री काय कॉपी करून पास झालीस?"

"पुस्तकातल्या गाईला नसतात. हिला असले तर?"

मी कपाळाला हात लावला. पण सरोजा परत आत आली. ओठ घट्ट मिटलेले, पदर खोचलेला, चेहरा पांढराफटक. गाईच्या जबड्याच्या बाजूला जी मोकळी जागा असते तिथून तिने बोटं आत सारली, जीभ धरली, दुसऱ्या हाताने वरचा ओठ उचलला आणि आत डोकावून बघितलं.

"नाहीत," ती म्हणाली. "खरंच नाहीत गं इंदू!"

असा आनंद तिला झाला, जणू गाईच्या वरच्या जबड्यात दात नसतात हा शोध जगात पहिल्यांदा तिनेच लावला होता. मी हसत सुटले. माझं बालपण मंगळवेढ्याजवळच्या वस्तीवर गुरांच्या शेपट्या धरून गेलेलं. दात बघून वय सांगायला मला कुणी शिकवलं नव्हतं, ते मला बोलायला शिकल्यासारखंच येत होतं. आणि इथे ही बया सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात हातमाग, गल्लीत हातमाग, जन्मभर ऐकलेला आवाज धोट्याचा. मार्क चांगले पडले म्हणून शेतकी कॉलेजात गेली, आणि तिथे कळलं की आपल्याला शेती करण्यापेक्षा शिकवायला आवडतं. म्हणून बी.एड.ला आली. अध्यापनपद्धती 'शेतकी' घेतलेल्या त्या वर्षी आम्ही दोघीच मुली होतो, त्यामुळे वसतिगृहात एकाच खोलीत पडलो.

ती मार्च महिन्यातली गोष्ट. अंतिम पाठ तोंडावर आले होते. बी.एड. केलेल्या माणसाला अंतिम पाठ काय असतो हे सांगावं लागत नाही. वर्षभर सराव पाठ घ्यायचे, पाठटाचणं लिहून लिहून बोटं दुखवून घ्यायची, आणि शेवटी बाहेरच्या विद्यापीठातून आलेला परीक्षक वर्गाच्या मागच्या बाकावर येऊन बसणार. तो बसला की तुमचं वर्षभराचं पुण्य एका तासात तोलायचं. सरोजाला घटक आला होता 'जनावरांचे वय दातांवरून ओळखणे'. शेतकीच्या तासाला प्रत्यक्ष वस्तू दाखवायची असा आमच्या मार्गदर्शक बाईंचा दंडक. म्हणून तिच्या टाचणात 'शैक्षणिक साधने' या रकान्यात तिने सरळ लिहिलं होतं : खडू, फळा, बैल. ते वाचून मी दोन दिवस हसत होते.

पण सरोजाला हसायला सवड नव्हती. तिचं सगळंच त्या पाठावर टांगलेलं होतं. घरी तिच्या लग्नाचं घाटत होतं. मुलगा गल्लीतलाच, स्वतःचे चार माग असलेला. तिच्या वडिलांना, तेलुगू रिवाजाप्रमाणे त्यांना ती नायना म्हणायची, शिकलेल्या पोरीचं कौतुक होतं, पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. मे महिन्यापर्यंत हातात नोकरी असेल तर थांबू. नसेल तर पाहुण्यांना होकार देऊ. आणि त्या घरातल्या सुनेने नोकरी करायची नाही, हे पाहुण्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"मला मुलगा वाईट वाटत नाही," सरोजा एकदा म्हणाली होती. "पण मी फळ्यासमोर उभी राहते ना इंदू, तेव्हा मला मी आवडते. बाकी कुठं नाही आवडत."

आता नोकरी कुठली? तर तीही ठरल्यासारखीच होती. आमचे सराव पाठ तालुक्याच्या गावापासून एसटीने थोडं आत असलेल्या हिंगणमाळ नावाच्या गावातल्या हायस्कुलात चालायचे. तिथले शेतकीचे गुरुजी निवृत्त होणार होते. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब वाघमोडे, ज्यांना गाव नुसतं आबा म्हणायचं, अधूनमधून शाळेत डोकावायचे. उंच, धिप्पाड गृहस्थ. डोक्याला फेटा, पायात करकरणाऱ्या वहाणा. सरोजाचा एक पाठ त्यांनी खिडकीतून ऐकला होता आणि बाहेर आल्यावर हेडमास्तरांना म्हणाले होते, "ही पोरगी चांगली हाय. शहरातली असून मातीचं बोलती. अंतिम पाठाला परीक्षकानं चांगलं म्हटलं, की जूनपासनं हिलाच घ्या."

अध्यक्षांनी 'घ्या' म्हटलं की हेडमास्तर घ्यायचे. सरोजाने घरी कळवून टाकलं होतं.

---

अंतिम पाठाच्या आधी वर्ग पढवून ठेवायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. कुणी कबूल करत नाही, पण करतात सगळेच. कुठल्या प्रश्नाला कुणी हात वर करायचा, काय उत्तर द्यायचं, आणि चुकीचं उत्तर एखादं कुणी द्यायचं म्हणजे ते खरं वाटेल, इथपर्यंत तयारी. माझा कंपोस्ट खताचा पाठ सरोजाच्या आदल्या दिवशी झाला, तेव्हा नववीतली पोरं प्रश्न संपायच्या आत उत्तरं देत होती. परीक्षक नाडगौडा सर नुसते बघत राहिले.

सरोजानेही वर्ग पढवला होता. ती काही साधुसंत नव्हती.

टाचणात बैल लिहिला तरी बैल मिळेना, म्हणून तिने आधी शाळेशेजारच्या एका शेतकऱ्याची गरीब गाय ठरवली होती. पण ही बातमी आबांच्या कानावर गेली आणि आबा खवळले.

"गाय? माझ्या शाळंत परीक्षक येणार, आन त्याच्यापुढं मरतुकडी गाय उभी करणार? माझा हिऱ्या काय मेलाय का?"

हिऱ्या म्हणजे आबांचा नवा खिलार बैल. तो त्यांच्या मेव्हण्यांनी, म्हणजे संस्थेचे सचिव अण्णासाहेब यांनी, जत्रेतून पारखून आणला होता. पांढराशुभ्र, ताठ शिंगांचा, चालायला लागला की रस्त्यावरची माणसं बाजूला व्हायची. "चौसा हाय," आबा येईल त्याला सांगायचे. चौसा म्हणजे चार पक्के दात आलेला, तीन वर्षांचा, ऐन उमेदीचा. "अजून जुळला न्हाई. धा वर्सं बघायला नको." जुळला म्हणजे आठही दात पक्के येऊन जबडा पुरा भरला. तसा बैल वाईट नसतो, पण तो तरुणही नसतो.

तेव्हा सरोजाने पोरांकडून चार हाच आकडा पाठ करून घेतला. बैलाचे दात किती? चार. म्हणजे तो कोण? चौसा. वय किती? तीन वर्षं. फळ्यावर लावायला जबड्याचं मोठं चित्र काढलं, त्यात चार दात मोठे रंगवले, चार छोटे.

पाठाच्या दिवशी सकाळी आम्ही लवकर पोचलो. हिऱ्या शाळेच्या आवारात लिंबाखाली बांधला होता. पाठीवर झूल, शिंगांना तेल. त्याला घेऊन आलेला आबांचा गडी भिवा बाजूला विडी ओढत उकिडवा बसला होता. सरोजा चित्र लावायला वर्गात गेली आणि मी बैलाजवळ गेले. माझा हात सवयीने त्याच्या तोंडाकडे गेला. ओठ खाली ओढला.

मी ओठ सोडला. परत ओढला.

आठ. आठही पक्के, आणि नुसते पक्के नाहीत, झिजलेले. माझ्या बापाने असा बैल बघितला असता तर म्हणाला असता, सात-आठ पावसाळे खाल्लेला आहे. शिंगांकडे नीट बघितलं तेव्हा तीही तासून घोळून घेतलेली दिसली.

"ताई," भिवा विडी विझवत हळूच म्हणाला, "झाकल्यालं झाकल्यालंच ऱ्हाऊ द्या."

"आबांना माहीत नाही?"

"त्यांनी तोंड उघडलंच न्हाई त्याचं. कसं उघडत्याल? सख्ख्या मेव्हण्यानं आणल्याला बैल. त्याचं दात बघायचं म्हंजी मेव्हण्यावर इस्वास न्हाई असं झालं. घरात वैनीसायब हायेत."

हे मला लगेच पटलं. बाजारात अनोळखी माणसाकडून बैल घेताना आमच्याकडचा माणूस आधी त्याचं तोंड फाकवतो, मग राम राम करतो. पण बायकोच्या भावाने आणलेल्या बैलाच्या तोंडात हात घालणं? त्यापेक्षा दुप्पट पैसे घालवलेले परवडले. आबांसारखा पिढीजात शेतकरी फसला तो अडाणीपणाने नव्हे, रीतभात पाळून फसला.

"आणि गावाला?"

"गावानं समद्यांनी बघितलंय," भिवा म्हणाला. "सांगतंय कोण?"

मी धावत वर्गात गेले आणि सरोजाला कोपऱ्यात ओढलं. सगळं सांगितलं. तिने आधी विश्वास ठेवला नाही, म्हणून स्वतः जाऊन बघून आली. आली तेव्हा हाताला बैलाची लाळ होती आणि ती पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"ऐक," मी म्हणाले, "काही बदलायचं नाही. पोरं चार म्हणतील, तू चार लिही. परीक्षक सगळ्यांच्या मागे, त्यांना तिथून दात दिसणार आहेत थोडेच? तोंड अर्धवट उघड आणि मीट. अर्ध्या तासात सुटशील."

"आबा बसणार आहेत पाठाला?"

"पहिल्या रांगेत. खुर्ची मांडलीये. म्हणून तर सांगतेय! त्यांच्या तोंडावर त्यांच्या मेव्हण्याला खोटं पाडलंस तर जूनमध्ये तुला कोण घेईल? तुझ्या घरी काय चाललंय ते विसरलीस का?"

"नाही की," सरोजा म्हणाली. मग नळावर जाऊन हात धुऊन आली आणि फळ्यावर तारीख घालायला लागली. तिचं अक्षर नेहमीसारखंच होतं. तिने काय ठरवलंय हे मला तिच्या पाठीकडे बघून कळेना, आणि मला इतका राग आला की विचारू नये.

---

पाठ बाहेर लिंबाखाली झाला. पोरं मांडी घालून, मध्ये बैल, एका बाजूला वर्गातून आणलेला फळा आणि टेबल. नाडगौडा सर मागे, हातात कागद. आबा पुढे खुर्चीत. मी आणि हेडमास्तर व्हरांड्यात.

सरोजाने प्रस्तावना छान केली. बाळाला दात येतात, आजोबांचे पडतात, तसंच जनावराचं. आज काय शिकायचं ते सांगून हेतुकथन झालं. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात हे सांगितलं, कच्चे दात आणि पक्के दात यांतला फरक सांगितला. आबा मान डोलावत होते. मग ती हिऱ्याजवळ गेली. काही दिवसांपूर्वी गाईने जीभ काढली म्हणून पळणारी ही मुलगी त्या डोंगराएवढ्या बैलाच्या वेसणीला धरून उभी राहिली, तेव्हा राग बाजूला ठेवून मला तिचं कौतुक वाटलं.

"आता सांगा," ती म्हणाली, "या बैलाला पक्के दात किती आहेत?"

"चाऽऽर!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

बैलाचं तोंड अजून मिटलेलं होतं.

नाडगौडा सरांनी कागदावरून डोकं वर काढलं. माझ्या शेजारी हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. पढवलेल्या वर्गाने केलेला घोटाळा मी पुष्कळ पाहिलाय, पण असा नाही. बरं, अजूनही निभावता आलं असतं. 'शाबास, आता बघू या' म्हणून तोंड जरासं उघडायचं आणि चार लिहून मोकळं व्हायचं.

सरोजाने वेसण सोडली नाही. ती पोरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे उत्तर मीच तुम्हाला दिलं होतं. मी तेव्हा बैलाचं तोंड बघितलं नव्हतं. त्यामुळे ते उत्तर फुकट आहे. आता बघून सांगायचं. कमल, ये."

कमल ही पहिल्या बाकावरची चुणचुणीत पोर. ती आली. सरोजाने जीभ बाजूला धरून ओठ खाली केला. कमलने आत बघितलं, बोट लावलं, आणि तिचा चेहरा उतरला. तिने खुर्चीकडे चोरून बघितलं. तिचा बाप आबांच्या मळ्यावर वाट्याने होता, हे मला माहीत होतं. सरोजालाही माहीत असणार.

"चार... असत्याल, बाई," कमल पुटपुटली.

सरोजा थोडा वेळ त्या पोरीकडे बघत होती. माझ्या मनात आलं, आता ही दरडावणार, परत मोज म्हणणार. तिने कमलच्या पाठीवर हात ठेवला.

"जा, बस जागेवर. हे तुझं काम नाही, माझं आहे."

आणि मग तिने स्वतः मोजायला सुरुवात केली. मोठ्याने, प्रत्येक दातावर बोट ठेवून. "एक. दोन. तीन. चार." इथे ती क्षणभर थांबली असेल असं मला आजही वाटतं, पण बहुधा ती थांबली नव्हती. माझाच श्वास थांबला होता. "पाच. सहा. सात. आठ." तिने ओठ सोडला, हात रुमालाला पुसला, फळ्यावरचं स्वतःचं चित्र काढून घडी करून टेबलावर ठेवलं आणि खडूने नवा जबडा काढला. आठ दात, सगळे मोठे.

"हा बैल चौसा नाही," ती म्हणाली. "जुळलेला आहे. दातांच्या कडा झिजल्यात, म्हणजे वय सात वर्षांच्या पुढे. बैल निरोगी आहे, कामाला चांगला आहे. पण तरुण नाही."

आबा उठले.

वहाणा करकरल्या. ते सावकाश बैलाजवळ गेले. सरोजा बाजूला सरली. आबांनी एका हाताने वेसण धरली, दुसऱ्या हाताने ओठ खाली केला आणि त्या भल्यामोठ्या माणसाने आपला अंगठा एकेका दातावरून फिरवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. सगळं गाव इतके दिवस बघत होतं ते त्यांनी त्या पोरांच्या देखत बघितलं. मग ते फाटकाकडे चालू लागले.

मला वाटलं, संपलं. आता ही रडणार. तेवढ्यात मागून नाडगौडा सरांचा कोरडा आवाज आला.

"बाई, उपयोजन राहिलं."

सरोजाने टाचणाकडे बघितलं. उपयोजनाचा, म्हणजे शिकलेलं वापरून बघायचा शेवटचा प्रश्न तिने आठवड्यापूर्वीच लिहिलेला होता, आणि तो बदलायला वेळ नव्हता.

"जनावर विकत घेताना... तुम्ही काय काळजी घ्याल?"

"तोंड उघडून बघू!" सगळा वर्ग ओरडला. हे उत्तर त्यांना कुणी पढवलं नव्हतं. आबा तेव्हा फाटकापर्यंतच पोचले होते.

---

दुपारी आबांचा निरोप आला. सरोजाला बोलावलं होतं. मी न बोलावता बरोबर गेले, कारण तिला एकटीला पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं. आबा मळ्यातल्या विहिरीच्या काठावर बसले होते. फेटा काढून बाजूला ठेवलेला. फेट्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसत होते.

"बाई, बैल कुणी आणला ठावं हुतं तुमास्नी?"

"होय की, आबा."

"आन तुमच्या जागंचं माझ्या हातात हाय, त्ये?"

"तेही."

"मग?"

"मला वाटलं होतं न बोलता सुटावं," ती म्हणाली. "पण ती पोर घाबरली, तुमच्याकडं बघितली, आणि खोटं बोलली. माझ्या तासाला. मग कसं गप्प बसू, सांगा की."

आबा पाण्याकडे बघत राहिले. "साऱ्या गावाला ठावं हुतं," ते म्हणाले. "भिव्यालासुदिक. माझं मीठ खातोय त्यो." मग त्यांनी फेटा उचलून मांडीवर घेतला. "तुमचं काय चुकलं न्हाई. पर तुमास्नी शाळंत घ्यायचं जमणार न्हाई, बाई. सचिव आमचं मेव्हणं. ते सही करणार न्हाईत, आन मी त्यांच्याशी भांडलो तर माझं घर फुटंल. एवढी धमक न्हाई माझ्यात. खरं सांगतो."

माझा बांध फुटला. "खरं सांगता? आणि हिचं काय? हिच्या घरी येत्या आठवड्यात पाहुणे येणारेत, आबा! ही जागा मिळणार म्हणून हिच्या वडिलांनी थांबवून धरलेत. आता लग्न लावतील आणि हिचं शिकवणं कायमचं बंद. तुमच्या मेव्हण्यांचा मान राहिला म्हणजे झालं!"

"इंदू, बास," सरोजा म्हणाली. ती उभी राहिली. "बरं, आबा. येते मी." दोन पावलं गेली आणि वळली. "एक मागू का?"

"मागा."

"बैल विकाल तुम्ही. विकाल तेव्हा जुळलेला म्हणूनच विका. दुसऱ्याच्या गळ्यात चौसा म्हणून घालू नका."

आबांनी मान वर केली. मी त्या माणसाचा चेहरा बघितला आणि मला माझं भांडण आठवेनासं झालं. जिची नोकरी त्यांनी आत्ताच काढून घेतली होती, ती पोरगी स्वतःसाठी काही मागत नव्हती. ती त्या कुणा अनोळखी शेतकऱ्यासाठी मागत होती, जो उद्या कुठल्यातरी बाजारात हा बैल विकत घेणार होता.

"व्हय," आबा म्हणाले. एवढंच.

---

सरोजा घरी एकटी जायला तयार नव्हती, म्हणून मी तिच्याबरोबर सोलापूरला गेले. गल्लीत शिरतानाच मागांची खडखड सुरू झाली आणि घरात पोचेपर्यंत कानात दुसरं काही उरलं नाही. तिने वडिलांना मागापाशीच उभं राहून सांगितलं. ते ऐकत होते आणि विणत होते. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. नोकरी मिळाली नाही एवढंच तिने सांगितलं. का, ते सांगितलं नाही. मी तोंड उघडलं तर तिने माझा हात दाबला.

"बरं," नायना म्हणाले. "मग पाहुणे रविवारी येतील."

रविवारी सकाळी घर सारवलं, जाजम घातलं. सरोजाच्या आईने तिला हिरवी साडी नेसवली. सरोजा शांत होती, इतकी शांत की मला तिच्याकडे बघवेना. नायनांनी मात्र माग बंद केला नव्हता. पाहुणे दुपारी येणार होते आणि चादर अर्धी राहिली होती.

दारात वहाणा करकरल्या.

मी वळून बघितलं. फेटा, धोतर, खांद्यावर उपरणं. आबासाहेब वाघमोडे खाली वाकून त्या ठेंगण्या दारातून आत येत होते. मागे पत्ता दाखवायला आलेली गल्लीतली चार माणसं. सरोजाच्या आईला वाटलं मुलाकडचं कुणी मोठं माणूस लवकर आलं, म्हणून ती पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

आबा जाजमावर बसले नाहीत. ते सरळ मागाजवळ जाऊन उभे राहिले.

"पोरीचं वडील तुम्हीच?"

नायनांनी मान हलवली. हात चालूच होते.

"मला तुमच्याशी बोलायचं हाय. ह्या पोरीचं लगीन वर्सभर थांबवा."

"नोकरी द्यायला आलात?" नायनांनी खडखडाटातून विचारलं.

"न्हाई. माझ्या शाळंत मी देऊ शकत न्हाई. त्येचं कारण माझं हाय, तिचं न्हाई. पर माझ्या वळखीच्या चार संस्था हायेत, तितं मी विचारत फिरतोय. चार दिवस झालं त्येच करतोय. कुठंतरी मिळंल. न्हाई मिळाली तर पुढल्या वर्साला मी स्वतः येऊन सांगतो, लगीन लावा म्हणून. पर वर्स थांबा. अशी मास्तरीण घरात बसवू नका."

नायनांचे हात थांबले नाहीत, पण त्यांनी मान वर करून आबांकडे नीट बघितलं. परका माणूस, भरजरी फेटा, ऐन पाहुण्यांच्या दिवशी आपल्या घरात येऊन आपल्या पोरीचं लग्न थांबवा म्हणतोय.

"तुम्ही कोण आम्हाला हे सांगणारे?"

सरोजा आतल्या दारात उभी होती. आबांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि मग नायनांकडे.

"ज्येच्या बैलाचं दात तुमच्या पोरीनं साऱ्या गावाम्होरं मोजलं," ते म्हणाले, "त्यो मी."

माग थांबला. त्या घरात अचानक इतकं शांत झालं की शेजारच्या गल्लीतले माग ऐकू यायला लागले.

नायनांनी सरोजाकडे बघितलं, मग परत आबांकडे. "किती निघाले?" त्यांनी विचारलं.

"मी चार म्हणत हुतो. तिनं आठ सांगितलं, तेवढंच. मी बी मोजलं."

नायना मागावरून उतरले. हात पुसले. सरोजाच्या आईकडे वळून तेलुगूत काहीतरी म्हणाले. मला तेलुगू येत नाही. मी सरोजाजवळ जाऊन विचारलं, "काय म्हणाले गं?"

तिने थांबलेल्या मागाकडे बघितलं.

"पाहुण्यांना आज येऊ नका म्हणून सांगून ये, म्हणाले."